मिरची काळीभोर झाली, फुलं मात्र गळतात: नत्राचा हिशेब

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. निफाड तालुक्यात कादवाकाठी एक एकर हिरवी मिरची आहे. द्राक्षबाग काढलेलं वावर, काळी जमीन, ठिबक आणि मल्चिंग. लागवड 20 फेब्रुवारीची, आज 55 दिवस झाले. पंधराव्या दिवशी रोपं पिवळी दिसली म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून दर चौथ्या दिवशी 5 किलो युरिया ठिबकमधून सोडायला सुरुवात केली. पिकाला काळोखी आली, झाडं मांडीच्या वर गेली, पण फूल टिकत नाही, शेंड्याची पानं वर वळायला लागली आहेत आणि फुलकिडे आवरत नाहीत. आता कुणी म्हणतं नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय, कुणी म्हणतं जास्त झालं. खरं काय?

जास्त झालं. मी दिंडोरी तालुक्यात 22 वर्षं मिरची घेतो आणि बोलावलं की आजूबाजूच्या मळ्यांवर जातो. तुमच्यासारखा प्लॉट दर उन्हाळ्यात दोन-चार ठिकाणी बघायला मिळतो, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण त्यात शेतकऱ्याने काही कमी केलेलं नसतं. खर्च केलेला असतो, वेळ दिलेला असतो. नडतं ते एकच: पिवळं दिसलं की युरिया, आणि हिरवं झालं की पीक सुधारलं, ही आपल्या डोळ्यांना लागलेली सवय.

आधी हिशेब करू. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच करतो. बेसलला, म्हणजे लागवडीच्या वेळी, डीएपीच्या 2 गोण्या, म्हणजे 100 किलोत 18 किलो नत्र. 10:26:26 ची एक गोणी (खताच्या नावातले आकडे म्हणजे क्रमाने नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाश म्हणजे पोटॅश यांची टक्केवारी), त्यात 5 किलो. युरियाचे 10 हप्ते म्हणजे 50 किलो, त्यात 46 टक्क्यांनी 23 किलो. 19:19:19 दर आठवड्याला 3 किलो, सहा आठवड्यांचे साधारण साडेतीन. बेरीज झाली 49 ते 50 किलो. ओलिताच्या मिरचीला आपल्याकडची नेहमीची शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र, 50 स्फुरद, 50 पालाश अशी आहे, म्हणजे एकरी 40, 20, 20. ठिबकवर संकरित वाण लावून पाच-सहा महिने तोडे घ्यायचे असतील तर मी स्वतः 55-60 किलोपर्यंत जातो, पण ते पूर्ण हंगामात, तोड्यांच्या मागे मागे. तुमचा एकही तोडा झालेला नाही आणि 50 किलो जमिनीत गेलं.

आणि तुम्ही घातलेली कोंबडीखताची ट्रॉली यात धरलेलीच नाही. कोंबडीखतात टनामागे साधारण 20 ते 30 किलो नत्र असतं. सगळं लगेच मिळत नाही, पण निम्म्याच्या आसपास पहिल्याच हंगामात सुटतं, आणि उन्हाळ्यात मल्चिंगखाली गरम ओल्या मातीत तर ते झपाट्याने सुटतं. शिवाय बाग काढलेलं वावर. द्राक्षाला वर्षानुवर्षं शेणखत घातलेलं असतं, त्या मातीत आधीच बरंच काही साठलेलं असतं.

आता पंधराव्या दिवसाकडे येतो, कारण चूक तिथे झाली. रोपं पिवळी होती हे खरं. पण कुठली पानं पिवळी होती? नत्र हे झाडात फिरणारं अन्नद्रव्य आहे. कमी पडलं की झाड जुन्या पानातून ते काढून शेंड्याला पाठवतं, म्हणून नत्राची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते, पूर्ण पान सारखं फिकं होतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोहाचं काम, आपल्या चुनखडीच्या जमिनीत नेहमीचं. जुन्या पानात शिरांच्या मधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या, तर मॅग्नेशियम. आणि सगळं रोपच मलूल, फिकं, वाढ थांबलेली असेल तर पान बघणं सोडा आणि मुळी बघा.

तुम्ही लिहिलंय की तेव्हा रोज दोन तास पाणी चालू होतं. 15 दिवसांच्या रोपाला, काळ्या जमिनीत, मल्चिंगखाली, फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन तास! माझा अंदाज असा की त्या रोपांना नत्र नव्हे, हवा कमी पडत होती, आणि त्यात ताजं कोंबडीखत व डीएपी मुळीच्या जवळ असल्याने पांढरी मुळी भाजली होती. मुळी काम करत नसेल तर जमिनीत कितीही नत्र असो, पान पिवळंच दिसणार. त्या दिवशी एक रोप उपटून बघायला हवं होतं.

कसं बघायचं ते सांगतो. हे आजही करा, उद्यावर टाकू नका. ड्रिपरपासून चार बोटं अंतरावर मल्चिंगला छोटा काप द्या आणि खुरप्याने वीतभर खोल मातीचा ढेकूळ झाडाच्या बाजूने उचला. मूठ करून दाबा. पाणी बोटांतून आलं किंवा माती चिखलासारखी चकाकली तर वाफसा (ओल आणि हवा दोन्ही असलेली माती) नाही. मग ढेकूळ बादलीत हलक्या हाताने धुवा. निरोगी मिरचीची मुळी पांढरी, केसाळ, दोन बोटांत धरली तर टणक लागते. बदामी-तपकिरी झालेली, साल ओढली की आतला दोरा उरतो अशी मुळी म्हणजे ती मेलेली. ड्रिपरच्या खाली मातीवर पांढरट पापुद्रा दिसला तर तो क्षारांचा, खतं साचल्याची खूण. हे बघायला पाच मिनिटं लागतात.

माझं स्वतःचं सांगतो. 2019 च्या ऑक्टोबरात आपल्या जिल्ह्यात पाऊस हटायला तयार नव्हता, द्राक्षवाल्यांचे काय हाल झाले ते सगळ्यांच्या लक्षात आहे. माझी मिरची तेव्हा ऐन तोड्यावर होती. आठ दिवस सरीत पाणी. खालची पानं पिवळी पडली, आणि तीही अगदी नत्र कमी पडल्यासारखीच. मी युरिया दिला. फरक पडेना म्हणून चार दिवसांनी पुन्हा दिला. पाणी साचलेल्या मातीत काही नत्र वायू होऊन उडून जातं, काही खाली निघून जातं, आणि उरलेलं घ्यायला मुळी जिवंत नसते. पाऊस थांबून वाफसा आला तसं राहिलेलं नत्र एकदम लागू पडलं. दहा दिवसांत शेंडे असे लुसलुशीत झाले की बायको म्हणाली, मिरची आहे की मेथी. त्यानंतर जिवाणूंचे ठिपके, मग फळकूज. तीन तोडे गेले. ते शेंडे अजून डोळ्यांसमोर आहेत. आता पावसाने मिरची पिवळी झाली तर मी आधी चर मोकळे करतो, पानांवर 19:19:19 लिटरला 5 ग्रॅमने फवारतो, आणि नवी पांढरी मुळी दिसेपर्यंत जमिनीतून नत्राचा दाणा देत नाही.

तुमच्या फुलांकडे वळू. मिरचीचं झाड बेचक्याने वाढतं. फांदी दोन भागांत फुटते आणि त्या बेचक्यात फूल येतं. म्हणजे प्रत्येक फुलाच्या दोन्ही बाजूंना दोन कोवळे शेंडे असतात आणि तिघांनाही एकाच वेळी साखर हवी असते. नत्र माफक असेल तर शेंडा दमाने वाढतो आणि फूल आपला वाटा घेतं. नत्र भरपूर असेल तर शेंडा सुसाट सुटतो आणि अन्न ओढून घेतो. फूल उपाशी राहून देठाशी पिवळं होतं आणि बोट लावलं की गळतं. तुमच्या झाडावर दोन बेचक्यांमधलं अंतर बोटांनी मोजून बघा. चार बोटांच्या पुढे असेल, पान तळहाताएवढं रुंद आणि हाताला मऊ लागत असेल, तर झाड माजलं आहे. आपण काळोखी म्हणतो आणि खूश होतो, पण फळाच्या पिकाला एवढा गर्द रंग चांगला नाही. फळ धरणारी मिरची मध्यम हिरवी असते, बेचके जवळजवळ असतात आणि पान जरा कडक असतं.

यातली काही फुलगळ उन्हाचीही आहे, तेही सांगितलं पाहिजे. एप्रिलच्या मध्यात आपल्याकडे पारा 38-40 वर असतो. दिवसाचं तापमान 35 च्या पुढे गेलं की परागकण कमजोर होतात, रात्री उकाडा असेल तर आणखी. म्हणून नत्र बरोबर असलेल्या प्लॉटमध्येही या दिवसांत काही फुलं गळतात. ऊन आपल्या हातात नाही, नत्र आहे. दोन्ही एकत्र आले की झाडावर काहीच उरत नाही, तसं तुमच्याकडे झालंय.

आता युरियाबद्दल थोडं खोलात जातो, कारण दर चौथ्या दिवशीच्या डोसमध्ये जे चुकतं ते समजलं तर पुढे कधी होणार नाही. युरिया मातीत पडला की गरम हवेत दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम होतं. मग मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, त्याला आणखी एक-दोन आठवडे लागतात. मिरची दोन्ही रूपं घेते, पण तिला नायट्रेट जास्त मानवतं. पहिल्या हप्त्याचं अमोनियम पुरतं बदलायच्या आत तुमचा पुढचा हप्ता पडतो, तोही त्याच ड्रिपरखाली, त्याच ओंजळभर मातीत. तिथे अमोनियम साचत जातं. अमोनियम जास्त झालं की झाड कॅल्शियम कमी उचलतं. तुमच्या विहिरीचं पाणी आणि जमीन चुन्याने भरलेली असली तरी झाडाच्या आत कॅल्शियम कमी, असा प्रकार होतो. कॅल्शियम कमी म्हणजे पेशींच्या भिंती कच्च्या. शिमला आणि जाड भजी मिरचीत यामुळे फळाच्या टोकाकडे तपकिरी, कातड्यासारखा चट्टा पडतो. बारीक तिखट मिरचीत तो कमी दिसतो, पण फळ पोचट राहतं आणि तोडल्यावर लवकर मऊ पडतं. वाशीच्या बाजारात माल पोचेपर्यंत मिरची लोळली, अशी तक्रार येते तेव्हा मी आधी विचारतो, युरिया किती सोडला?

सरीत वरून फेकलेल्या युरियाचं नुकसान वेगळं. आपल्या जमिनीचा सामू (पीएच) 8 च्या आसपास, त्यात उन्हात उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो. ठिबक असताना हे करायचं कारणच नाही.

फुलकिड्यांचा संबंधही इथेच आहे. नत्र जास्त झालेल्या झाडाच्या रसात मोकळी अमिनो आम्लं वाढतात, साल पातळ राहते. फुलकिडे, मावा, कोळी यांच्यासाठी हे आयतं जेवण. पिल्लं लवकर वाढतात, अंडी जास्त पडतात. तुम्ही तीन औषधं मारली आणि आठ दिवसांत पुन्हा तेच, यात औषधाचा दोष असेलच असं नाही. दर चौथ्या दिवशी आपण त्यांना ताजा शेंडा वाढून देतोय.

मात्र वळलेलं प्रत्येक पान फुलकिड्यांचं नसतं, हे नीट तपासा. पान होडीसारखं वर वळलं तर फुलकिडे. खाली वळलं, देठ लांबला, पान अरुंद झालं तर पिवळा कोळी, आणि त्याचं औषध वेगळं. पानं बारीक, गोळा झालेली, शिरा जाड, झाड खुजं राहिलं तर तो विषाणूचा कोकडा, पांढऱ्या माशीने आणलेला. त्यावर कुठलंही खत किंवा औषध चालत नाही, अशी झाडं सुरुवातीलाच उपटून पिशवीत घालून बाहेर काढायची. सकाळी आठच्या आत पांढऱ्या कागदावर पाच-सहा फुलं झटका. बारीक पिवळसर किडे पळताना दिसले तर नेहमीचे. गडद काळपट आणि फुलात दाटीने बसलेले दिसले तर ते काळे फुलकिडे असण्याची शक्यता जास्त. आंध्र-तेलंगणात 2021 मध्ये मिरचीची दाणादाण उडवली ती याच जातीने. ते फुलातच राहतात, म्हणून फवारा पानावर नव्हे तर फुलापर्यंत पोचला पाहिजे. निळे चिकट सापळे लावा, एकाच गटाचं औषध लागोपाठ मारू नका, मिरचीवर लेबल असलेलंच घ्या, आणि तोडा सुरू झाल्यावर औषधाचा प्रतीक्षा काळ पाळा. पुढच्या लागवडीला कडेने आडोसा म्हणून मक्याच्या दोन ओळी आधी पेरून ठेवा.

आता काय करायचं ते सांगतो.

युरिया आजपासून बंद. 19:19:19 पण बंद. किमान 12 दिवस नत्राचं काहीही नाही. घाबरू नका, झाड उपाशी मरणार नाही, जमिनीत साठा आहे. पाणी एकदम तोडू नका, उन्हाळा आहे. ताण देऊन फूल आणायचा द्राक्षातला विचार इथे लावला तर उरलीसुरली फुलंही जातील. रोज थोडं, सकाळी लवकर, वाफसा टिकेल एवढंच. या 12 दिवसांत 0:0:50 दोन वेळा द्या, एकरी 3-3 किलो. 0:52:34 फुलासाठी द्या असं कुणी सांगेल, पण दोन गोण्या डीएपी आणि 10:26:26 गेल्यावर तुमच्या जमिनीत स्फुरद कमी नाही. उलट जास्त स्फुरदाने जस्त आणि लोह अडतं. बोरॉन 20 टक्के लिटरला 1 ग्रॅम, संध्याकाळी एक फवारणी. पुन्हा पुन्हा नको, बोरॉनची मात्रा थोडी वाढली तरी पानाच्या कडा जळतात.

द्राक्षात शेंडा थांबवायला वापरतो ते संजीवक मिरचीवर मारावं का, असंही तुम्ही विचारलंय. मारू नका. तुमच्या घरात ते शिल्लक असेल, शेजाऱ्याने मारलंही असेल. पण हिरवी मिरची आठ दिवसांत कुणाच्या तरी ताटात जाते, आणि ज्या पिकावर त्याची शिफारस नाही तिथे त्याचा अंश किती राहील हे आपण ठरवू शकत नाही. नत्र थांबवलं की शेंडा आपोआप दमाला येतो.

साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी नवे बेचके बघा. अंतर कमी झालं, नवं पान जरा लहान आणि कडक आलं, बेचक्यात फुलाच्या मागे वाटाण्याएवढी फळं दिसायला लागली की कॅल्शियम नायट्रेटने सुरुवात करा, एकरी 3 किलो, आठवड्यातून एकदा. त्यात साडेपंधरा टक्के नत्र आहे आणि जवळजवळ सगळं नायट्रेट रूपात, म्हणजे अमोनियम साचायची भीती नाही. हे खत सल्फेट आणि फॉस्फेटवाल्या कुठल्याही खताबरोबर एका टाकीत घालू नका. 0:0:50 सल्फेटवालंच आहे, त्याच्याबरोबर मिसळलं तर जिप्सम बनून खाली बसतं आणि लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, चोक होते. मी एकदा सोमवार कॅल्शियमचा आणि गुरुवार बाकीच्यांचा असं ठरवून टाकलं, तेव्हापासून गोंधळ झाला नाही.

पहिला तोडा झाल्यावर मात्र झाडाला मागणी येते. तेव्हा हात आखडू नका, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या तोड्याला फळ बारीक होतं आणि झाड लवकर थकतं. माझा आठवड्याचा डोस असा असतो: कॅल्शियम नायट्रेट 5 किलो, 13:00:45 पाच किलो, युरिया 2 किलो. सगळं मिळून अडीच किलोच्या आत नत्र जातं. फळांचा भार कमी झाला, उन्हाने सेटिंग (फळधारणा) तुटलं, की युरिया पहिल्यांदा कमी करायचा. डोस तारखेने नाही, भाराने ठरतो. लाल मिरची वाळवायची असती, नंदुरबारकडे घेतात तशी, तर शेवटचा महिना-दीड महिना नत्र जवळपास थांबवावं लागलं असतं, नाहीतर फळ पिकत नाही. तुमचा विषय हिरव्याचा आहे म्हणून त्यात जात नाही.

दोन तपासण्या करून घ्या. द्राक्षाला आपण न चुकता देठ परीक्षण करतो, मिरचीला मात्र डोळ्याने खत देतो. फुलोऱ्यात नुकतंच पूर्ण वाढलेलं पान, शेंड्यापासून चौथं-पाचवं, देठासकट, 30 झाडांवरून सकाळी घ्या आणि कागदी पिशवीत प्रयोगशाळेला द्या. पानात नत्र साधारण साडेतीन ते पाच टक्के असलं म्हणजे पुरे. तुमचं त्याच्या वर निघालं तर 12 दिवसांची बंदी आणखी आठवडाभर वाढवा.

दुसरी तपासणी विहिरीच्या पाण्याची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. कांदा आणि द्राक्षाला वर्षानुवर्षं दिलेल्या खतातलं नायट्रेट झिरपून आपल्या विहिरींत उतरलंय. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट अशी आहे. एवढं नायट्रेट असलेल्या 1 लाख लिटर पाण्यात 1 किलो शुद्ध नत्र असतं. उन्हाळ्यात एकराला आठवड्याला सव्वा ते दीड लाख लिटर पाणी लागतं, म्हणजे सव्वा ते दीड किलो नत्र नुसत्या पाण्यातून. हंगामाचे 20 लाख लिटर धरले तर 20 किलो, जवळजवळ 45 किलोची युरियाची एक पूर्ण गोणी, जी आपण कधी मोजतच नाही. आणि त्याच विहिरीचं पाणी घरात पीत असाल, घरात लहान लेकरू असेल, तर हा आकडा मिरचीच्या आधी घरासाठी बघा.

बाटली स्वच्छ धुऊन त्याच पाण्याने दोनदा विसळा, पंप दहा मिनिटं चालल्यावर भरा, त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. रिपोर्टमधला नायट्रेटचा आकडा मला कळवा. 45 च्या आसपास निघाला तर वर सांगितलेल्या डोसमधला 2 किलो युरिया तुम्हाला लागणारच नाही. त्याहून जास्त निघाला तर 13:00:45 च्या जागी 0:0:50 घालून नवा डोस बसवून देतो.